गट नंबर बरोबर, गाव चूक

त्या बाई आल्या तेव्हा मी डबा उघडून बसले होते. जेवणाची सुट्टी आहे म्हणून शिपायाने त्यांना दारात थांबवलं होतं, तरी त्या आत आल्या आणि पिशवीतून घडी घातलेला कागद काढून माझ्या डब्याशेजारी ठेवला.

"हे तुमच्याच हापिसातून निघालंय का?"

कागद म्हणजे नकाशाची रंगीत प्रिंट होती. रानांचे हिरवे-तपकिरी चौकोन, मधून गेलेली पांदण आणि एका चौकोनाच्या बरोबर मध्यभागी लाल ठिपका. खाली लिहिलेलं होतं, 'प्रदूषित जागा'.

मी तेव्हा जालन्यातल्या एका सरकारी कार्यालयात कंत्राटावर डेटा ऑपरेटर होते. कारखान्यांनी कधीकाळी टाकलेली राख, गाळ, रसायनं जिल्ह्यात कुठल्या जमिनीत मुरली आहेत, त्याची यादी संगणकावर ठेवणं हे माझं काम. यादी लोकांसाठी खुली होती. कुणीही मोबाईलवर नकाशा उघडावा, आपलं गाव शोधावं आणि बघावं. प्रत्यक्षात ती कुणी बघतं, असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.

"बसा ना काकू," मी म्हणाले. "काय झालं?"

त्या बसल्या नाहीत. त्या मंठ्याच्या बाजूच्या एका गावातल्या. पन्नाशीच्या पुढच्या, हातावर उन्हाचे डाग. नवरा गेल्यापासून शेती त्याच बघत होत्या आणि चांगली बघत होत्या. शेडनेटमध्ये मिरचीचा सीड प्लॉट घ्यायच्या. म्हणजे बियाणे कंपनीसाठी बी तयार करायचं. फुलांचं क्रॉसिंग, म्हणजे परागीकरण, हाताने करायला गावातल्या दहा-बारा बायका रोज यायच्या. कंपनीचा माणूस दर हंगामाला स्वतःहून फोन करायचा. मग एका वर्षी फोन आला नाही. यांनी केला, तर तो म्हणाला, यंदा नको. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी त्या थेट एमआयडीसीतल्या प्लँटवर जाऊन बसल्या, तेव्हा त्याने ही प्रिंट काढून दिली.

"म्हणला, तुमच्या जमिनीत शिसं हाये. सरकारनं लिव्हलंय. आता शिसं कुठून येईल माझ्या रानात? मी काय कारखाना टाकलाय का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण प्रत्येक शब्द त्या माझ्यासमोर नीट ठेवत होत्या. "गावात बातमी गेली. बाकीच्या रानात निंदायला येणाऱ्या बाया आता माझ्या विहिरीचं पाणी पीत न्हाईत. घरून बाटल्या घेऊन येऊन राह्यल्या. समोरासमोर कुणी बोलत न्हाई, पण बाटली दिसतेच ना."

मी डबा बाजूला सारून नोंद उघडली. गावाचं नाव, गट नंबर. प्रदूषणाचा प्रकार: शिसं आणि जस्त. स्रोत: लोखंडाला जस्ताचा मुलामा देणारी बंद शेड. नमुना घेतल्याची तारीख: रिकामी. नमुना किती खोलीवरून घेतला: रिकामं. शेवटच्या रकान्यात नोंद करणाऱ्याचा क्रमांक होता. ऑपरेटर दोन.

ऑपरेटर दोन म्हणजे मी.

मी त्यांना म्हणाले, "काकू, मला आठ दिवस द्या. मी शोधून काढते." त्या दिवशी एवढंच बोलले. ही नोंद माझ्याच हातची आहे, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. त्यांनी माझा नंबर घेतला, मिस्ड कॉल देऊन तो खरा असल्याची खात्री केली आणि मगच निघाल्या.

ती यादी कशी भरली गेली ते मला आठवत होतं. नोकरीचे पहिलेच महिने होते. जुन्या पाहणी अहवालांचे गठ्ठे समोर टाकले होते आणि सगळं आठवड्याच्या आत चढवायचं होतं, कारण वरून तसा निरोप आला होता. कागद झेरॉक्सच्या झेरॉक्स. कित्येकांवर गोल शिक्का नेमका तालुक्याच्या नावावर बसलेला. संगणकावर गावाचं नाव टाईप केलं की खाली यादी उघडायची, त्यातलं निवडायचं. आपल्याकडे एका नावाची किती गावं असतात, हे इथल्या माणसाला सांगायला नको. नुसतं पिंपळगाव म्हटलं तर भोकरदनकडचा माणूस रेणुकाईचं पिंपळगाव समजतो आणि दुसऱ्या तालुक्यातला स्वतःचं. त्या यादीत गावापुढे तालुका दिसत नव्हता. दोन सारखी नावं एकाखाली एक यायची. मी वरचं निवडलं असणार. गाव आणि गट नंबर भरला की ठिपका आपोआप त्या गटाच्या मधोमध बसायचा, आणि एकदा बसला की इतका ठाम दिसायचा की आम्हीसुद्धा त्याच्यावर विश्वास ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले. साहेब वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती आणि कुठलीही भानगड त्यांना नको होती, एवढंच.

"चूक आहे ना? मग डिलीट करा," ते म्हणाले. "बाईंचं काम होऊन जाईल."

"सर, पण मग खरी जागा कुठली?"

"कुठली खरी जागा?"

"शेड तर कुठेतरी होतीच. गाळ कुठेतरी टाकलाच असेल. ही नोंद काढली तर ती जागा यादीतूनच जाईल. आत्ता निदान चुकीच्या गावात का होईना, पण नोंद आहे."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, तुमचं कंत्राट मार्चपर्यंत आहे. कशाला हे प्रकरण वाढवता?"

"मला मूळ फाईल बघू द्या," मी म्हणाले. "नाही सापडली तर डिलीट करते."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची की कंटाळ्याची ते मी विचारलं नाही, सरळ रेकॉर्ड रूमच्या चावीच्या मागे लागले.

फाईल चौथ्या दिवशी सापडली, दुसऱ्याच तालुक्याच्या गठ्ठ्यात. मूळ अहवालावर शिक्का कोपऱ्यात होता आणि तालुका स्वच्छ वाचता येत होता. जालना. गाव शहराला लागूनचं, त्याच नावाचं. सोबत पेन्सिलने काढलेला नकाशा होता: रस्ता, एक लिंबाचं झाड, विहीर, शेड आणि शेडच्या मागे आडव्या रेघांनी भरलेला चौकोन, त्यावर लिहिलेलं 'गाळ टाकलेला'. अंतर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

स्कूटीवर त्या गावी गेले तेव्हा कळलं, आता ते गाव उरलंच नव्हतं. शहराने ते गिळलं होतं. शेतांचे एनए प्लॉट पडले होते, सिमेंटचे रस्ते, पाण्याच्या काळ्या टाक्या, अर्धवट बांधलेली घरं. तलाठ्याकडे विचारलं तर तो एक गट आता पंधरा-वीस तुकड्यांत विभागलेला. लिंब नाही, विहीर बुजवलेली, शेडचा पत्राही शिल्लक नाही. गट नंबर बरोबर मिळाला तरी हाती काही लागलं नव्हतं. संगणकाने ठिपका पुन्हा मधोमध बसवला असता आणि तो कुणाच्या तरी स्वयंपाकघरावर पडला असता.

तीन दिवस मी ऑफिस सुटल्यावर तिथे जात होते. चौकात पंक्चरचं दुकान होतं. तिथले चाचा सत्तरीचे असतील. दुकान आता त्यांचा जावई चालवायचा, ते बाजेवर बसून असायचे. चौकशी करताना कुणीतरी सांगितलं होतं की चाचांनी पूर्वी टेम्पो चालवला आहे. मी त्यांना शेडबद्दल विचारलं, तर त्यांनी तोंड फिरवलं.

"मालूम न्हाई."

"चाचा, मी पोलिसांकडून नाही आले."

"मंग कागदावर माझं नाव कशाला पायजे?"

"नाव नको. जागा पाहिजे."

ते बाजेवर कूस बदलून बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसले आणि मंठ्याकडच्या काकूंची सगळी गोष्ट सांगितली. विहीर, बाटल्या, सगळं. आणि मग, का कोण जाणे, जे काकूंना सांगू शकले नव्हते ते त्यांना सांगितलं. "ती चूक माझीच आहे चाचा. मीच ते गाव निवडलं."

चाचांनी विचारलं, "मी जे टाकत होतो ते इतकं खराब होतं का?"

"काही जागी असतं. तपासल्याशिवाय सांगता येत नाही. शिसं असेल तर ते पाण्यात उतरू शकतं. माती हाताला लागते, पोटात जाते. लहान लेकरांना जास्त त्रास."

त्यांनी चपला शोधल्या आणि उठले. रस्त्याने चालताना म्हणाले, "रोज दोन खेपा मारत होतो. पांढरा-पिवळा गाळ, हाताला लागला की चुरचुरायचं. सेठ म्हणायचा मागं खड्ड्यात टाक, मी टाकायचो. बराबर माहीत हाये मला जागा. खड्डा भरला मंग वरून मुरूम टाकला."

दोन गल्ल्या ओलांडून ते एका मोकळ्या प्लॉटपाशी थांबले. तिथे कुणी घर बांधलेलं नव्हतं. शेजारच्या बाईने त्यात काडीकचरा वेचून वाफे केले होते आणि कोवळी मेथी उगवली होती. दोन शेळ्या बांधलेल्या. कोपऱ्यात बोअरचा पाईप वर आलेला.

"हीच," चाचा म्हणाले. मग खाली बघत, अगदी हळू, "मी परवाच हिच्याकडून मेथी नेली. आमच्या घरात सगळ्यांनी खाल्ली."

मी मोबाईलवर अक्षांश-रेखांश घेतले. प्लॉटच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्ये, दोन-दोन वेळा. पेन्सिलचा नकाशा उघडून रस्त्याचं वळण जुळवून पाहिलं. चाचांना विचारून शेडची जागा पावलांनी मोजली. ते दमले होते, पण शेवटच्या कोपऱ्यापर्यंत माझ्याबरोबर आले.

साहेबांना मी सगळं लेखी दिलं. मूळ नोंद चुकीची आहे, ती मी केली होती, खरी जागा ही असावी, माती आणि पाण्याचे नमुने घ्यावेत. साहेबांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला.

"हे 'मी केली होती' काढा. 'नजरचुकीने झाली' लिहा."

"कुणाच्या नजरचुकीने सर?"

"तुम्हाला कळत नाही का? हे वाक्य राहिलं तर मार्चनंतर मी तुमची शिफारस करू शकणार नाही."

घरी माझी आई आजारी होती आणि पगार माझा एकटीचाच. मी तो कागद घेऊन जागेवर गेले, वाक्य पुन्हा वाचलं. नोंद करणाऱ्याचा नुसता क्रमांक असायचा; त्याचं नाव आणि नोंद कशावरून केली, हे त्या यादीत कुठे लिहिलेलं नसायचं. म्हणून तर एका शिक्क्याखालचा तालुका इतकी वर्षं कुणी तपासला नव्हता. मी वाक्य तसंच ठेवलं आणि आवक नंबर टाकून घेतला.

नमुने घ्यायला पथक आलं, तेव्हा वस्तीतली माणसं जमली. एक गृहस्थ फार चिडले होते. त्यांचं घर त्या प्लॉटला लागून होतं.

"आमच्या नावावर ठिपका लावायला आलात का? तिकडून काढायचा आन् इकडं चिकटवायचा? कर्ज काढून घर बांधलंय आम्ही!"

काकूंच्या बाबतीत काय झालं ते मी पाहिलं होतं. हेच या लोकांचं होणार नाही, असं कुठल्या तोंडाने म्हणणार? मी म्हणाले, "दादा, ठिपका तुमच्या घरावर येणार नाही, फक्त या प्लॉटवर येईल. तेही माती तपासल्यावर. आणि तुमच्या अंगणातली मातीसुद्धा तपासू. चांगली निघाली तर तेही लिहू."

"आन् खराब निघाली तर?"

"तर तेही लिहू."

ते आणखी काही बोलणार, तेवढ्यात मेथीवाली बाई पुढे आली. तिच्या हातात खुरपं होतं. "ताई, मला तुमचं ठिपक्याचं काही कळत न्हाई. या बोअरचं पाणी प्यायचं का न्हाई, तेवढं सांगा. माझी सून पोटुशी हाये."

"अहवाल येईपर्यंत पिऊ नका," मी म्हणाले. "मेथीही खाऊ नका, विकू नका."

तिने क्षणभर वाफ्यांकडे पाहिलं आणि खुरपं खाली टाकलं. त्यानंतर चिडलेल्या गृहस्थांनीच पथकाला अंगणाचं फाटक उघडून दिलं.

संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतून अहवाल यायला वेळ लागला. मी दर दोन दिवसांनी फोन करत होते. शेवटी तिथला माणूस माझा आवाज ओळखायला लागला. प्लॉटच्या मातीत शिसं भरपूर निघालं. बोअरच्या पाण्यातही मर्यादेपेक्षा जास्त. लगतच्या घरांच्या अंगणात मात्र मर्यादेच्या आत. बोअर बंद झाला, त्याच आठवड्यात पालिकेचा टँकर सुरू झाला आणि पुढे नळाची लाईन आली. प्लॉटला तारेचं कुंपण पडलं. माती उचलायचं काम अजून व्हायचं आहे, त्यासाठीचा अर्ज आजही कुठल्यातरी टेबलावर आहे, पण पाणी तरी थांबलं.

खऱ्या जागेची नवी नोंद मी अक्षांश-रेखांशासकट यादीत चढवली. आता काकूंच्या गटाची जुनी नोंद दुरुस्त करायची होती. दुरुस्तीच्या फॉर्मवर कारणांचे चार पर्याय होते: जागा स्वच्छ केली, दुबार नोंद, मालकी बदलली, इतर. कार्यालयाचीच चूक झाली, असा पर्याय बनवणाऱ्याला सुचलाच नव्हता. मी 'इतर' निवडून लिहिलं, 'गाव चुकीचं निवडलं गेलं. या गटात कधीही नमुना घेतलेला नव्हता.' आणि हे वाक्य लोकांना दिसेल असा रकाना उघडून घेण्यासाठी वर तीन पत्रं पाठवली. तिसऱ्या पत्रावर तो उघडला.

काकूंकडे मागितलेले आठ दिवस कधीच उलटले होते. मग मी त्यांना फोन केला नाही, मंठ्याची एसटी धरली. त्या शेडनेटपाशी होत्या. आत मिरची नव्हती, घरापुरती टोमॅटोची रोपं होती. मी मोबाईलवर नकाशा दाखवला. त्यांच्या रानावर आता ठिपका नव्हता. त्यांनी बोटाने स्क्रीन पुढे-मागे सरकवून खात्री केली.

"काकू, अजून एक सांगायचंय. ही नोंद मीच केली होती. दोन गावांची नावं सारखी होती. मी न बघता निवडलं."

त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. "त्या दिवशी डबा खात होतात तेव्हाच ठाऊक होतं का?"

"हो."

"तरी बोलल्या न्हाईत."

"नाही."

त्या विहिरीकडे चालायला लागल्या. मी मागोमाग गेले. काठावर थांबून त्या म्हणाल्या, "माझे तीन हंगाम गेले. ते तुम्ही आणून देणार न्हाई, मला ठाऊक हाये. पण आता एक सांगा. ठिपका काढला म्हंजे माझं पाणी चांगलं हाये, असं झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "तुमचं पाणी कुणी तपासलंच नाही."

"मंग तपासा की! त्या बायांना मी काय दाखवू? मोबाईलात काहीच न्हाई, हे दाखवू?"

एवढी वर्षं ती यादी सांभाळून जे माझ्या लक्षात आलं नव्हतं, ते त्यांनी विहिरीच्या काठावर उभं राहून सांगितलं. आमच्या नकाशावर ठिपका नसलेली प्रत्येक जागा लोक चांगली धरून चालायचे. आम्हीही. खरं तर बहुतेक ठिकाणी कुणी गेलेलंच नव्हतं.

त्यांच्या विहिरीचा आणि रानाचा नमुना मी रीतसर अर्ज करून पाठवला. सगळं मर्यादेच्या आत आलं. अहवालाची प्रत त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून शेडनेटच्या खांबाला तारेने बांधली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यासमोर. पुढच्या हंगामाला दुसऱ्या एका कंपनीने सीड प्लॉट दिला. जुन्या कंपनीचाही फोन आला होता म्हणे. काकूंनी तो उचलला नाही.

माझं कंत्राट मार्चमध्ये संपलं. शिफारस झाली नाही. साहेबांनी निरोपाला चहा मागवला, आणि कप ठेवताना म्हणाले, "चूक कबूल करणारे लोक मला लागतात हो, पण फॉर्ममध्ये त्यांना रकाना नाही." मी हसले नाही. आता मी एका खासगी माती-परीक्षण केंद्रात काम करते. पगार थोडा कमी आहे, आईचं औषधपाणी भागतं.

नोकरीच्या सुरुवातीच्या त्या आठवड्यात मी घाईघाईने चढवलेल्या नोंदी अजून यादीत आहेत. यादी खुली असल्यामुळे मला त्या घरूनही बघता येतात. रविवारी मी त्यातली एक निवडते, गावाचं नाव तालुक्यासकट वहीत लिहून घेते आणि स्कूटी काढते. तलाठी विचारतो, कुठल्या कंपनीकडून आलात? मी सांगते, कुठल्याच नाही, ही नोंद माझी आहे. कुठे ठिपका बरोबर निघतो, कुठे शेतभर सरकलेला, एके ठिकाणी तर तलावात पडलेला. चुकलेला सापडला की फोटो, अक्षांश-रेखांश आणि अर्ज. पोच घेतल्याशिवाय मी जुन्या कार्यालयाची खिडकी सोडत नाही. खिडकीतला नवा ऑपरेटर तरुण आहे. पहिल्यांदा वैतागायचा. मागच्या महिन्यात त्याने मला थांबवून विचारलं, "मॅडम, हे गाव कुठलं धरायचं? दोन दिसून राह्यलेत."

मी त्याला खुर्ची ओढायला सांगितली आणि मूळ फाईल मागवायला लावली.